मोजमाप कोणाच्या हाती?

देणगीदार राष्ट्रे निधीबरोबर स्वतःचे तज्ज्ञही धाडतात. अहवाल छापला जातो, तज्ज्ञ परततात आणि दारिद्र्य मोजण्याची विद्याही त्यांच्याबरोबर परत जाते. युगांडाने निराळी वाट धरली. १९९८च्या सुमारास तेथील अर्थखात्याने, ब्रिटिश निधी व ऑक्सफॅमचे साहाय्य घेऊन, खुद्द गरिबांनाच विचारले. सरकारी दवाखान्यांतील शुल्क त्यांना दारातूनच परतविते, हे उघड झाले. २००१ मध्ये ते रद्द झाले; निवडणूक तोंडावर होती हे खरे, आणि औषधांचा तुटवडा पुढेही राहिला.

ब्रिटनने २०२१ मध्ये परकीय मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली. येथे कर भरणारे आम्ही म्हणतो : कपात करायचीच तर सल्लागारांच्या मानधनात करा, त्या देशांच्या सांख्यिकी कार्यालयांचा पैसा तोडू नका.