एडी साउथ आणि बंद दारांचे श्रेय

१/ जॅझच्या इतिहासात एक वाक्य फार सहजपणे लिहिले जाते : वर्णभेदामुळे अभिजात संगीताची दारे बंद झाली, म्हणून अमुक कलावंत जॅझकडे वळले आणि जॅझ समृद्ध झाले. व्हायोलिनवादक एडी साउथ यांच्याबाबत तर ते हमखास येते. त्याचा पूर्वार्ध खरा आहे. ‘म्हणून’च्या पुढचा हिशेब मात्र तपासायला हवा.

२/ साउथ यांचा जन्म १९०४चा, अमेरिकेतील मिझुरी राज्यातल्या लुइझियाना या गावचा. (राज्य नव्हे, त्याच नावाचे छोटे गाव.) कुटुंब लवकरच शिकागोला आले. मुलाचा हात असामान्य आहे हे लहानपणीच दिसले, आणि पुढे शिकागोच्या संगीत महाविद्यालयात त्यांचे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रीतसर शिक्षण झाले.

३/ शिक्षण मिळाले. जागा मिळाली नाही. त्या काळी अमेरिकेतील मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांत कृष्णवर्णीय वादकांना प्रवेश नव्हता. शिकागोत वादकांच्या कामगार संघटनेच्याही दोन शाखा होत्या : गोऱ्यांची १० क्रमांकाची, कृष्णवर्णीयांची २०८ क्रमांकाची. त्या एक झाल्या १९६६ साली. साउथ १९६२मध्येच वारले होते.

४/ मग काम कुठे मिळे? कॅबरेत आणि मूकपटांच्या थिएटरांत. पडद्यावर चित्र चाले आणि खाली वाद्यवृंद वाजे. अर्स्किन टेट हे स्वतः व्हायोलिनवादक. त्यांच्या वाद्यवृंदात एकाच संध्याकाळी ऑपेरातील संगीतही वाजे आणि जॅझही. साउथ यांनी तिथेही काम केले. जॅझची वाट दाखवण्यात डार्नेल हॉवर्ड यांचा वाटा होता. तेही क्लॅरिनेटबरोबर व्हायोलिन वाजवत.

५/ विसाच्या दशकात साउथ जिमी वेड यांच्या वाद्यवृंदातही होते. तिथे पियानोवर टेडी वेदरफोर्ड असत. हे नाव लक्षात ठेवावे; ते पुढे मुंबईत भेटणार आहे.

६/ जॅझमध्ये व्हायोलिन मागे का पडले? नेहमीचे उत्तर आवाजाचे : ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे तारा ऐकू जात नसत. १९२५पूर्वी ध्वनिमुद्रण भोंग्यातून होई, त्यातही व्हायोलिन क्षीण उमटे. हे कारण खरे आहे, पण अपुरे आहे.

७/ कारण त्याच काळात गोरे व्हायोलिनवादक जो वेनुटी यांची घोडदौड सुरू होती. गिटारवादक एडी लँग यांच्यासह १९२६पासून ध्वनिमुद्रिका, १९२९मध्ये पॉल व्हाइटमन यांच्या बड्या वाद्यवृंदात स्थान. वेनुटींची गुणवत्ता वादातीत आहे. पण व्हाइटमन यांच्या मंचावर कृष्णवर्णीय वादकाला खुर्ची नव्हती. वाद्य एकच होते, वाटा दोन होत्या.

८/ १९२७मध्ये बोलपट आला आणि थिएटरांतील वादकांची कामे आटू लागली. १९२८मध्ये साउथ युरोपला गेले. पॅरिसमध्ये आणि बुडापेस्टमध्ये त्यांनी अध्ययन केले. बुडापेस्टच्या कॅफेंमध्ये रोमा वादकांच्या ताफ्याचा नायक व्हायोलिनवादकच असतो. त्याला ‘प्रीमाश’ म्हणतात.

९/ त्या संगीतातील रेंगाळणारा संथ आरंभ, मग एकदम उसळणारी लय, स्वरांची दाट नक्षी हे सारे साउथ यांच्या वादनात उतरले. ज्या वाद्याला जॅझमध्ये बाजूला सारले जात होते, ते इथे सगळ्यांच्या पुढे उभे होते.

१०/ १९३१मध्ये ते शिकागोला परतले. त्यांची जाहिरात होई ‘डार्क एंजल ऑफ द व्हायोलिन’, म्हणजे व्हायोलिनचा सावळा देवदूत, अशी. बिरुद गोड आहे. पण त्यात वाद्याच्या आधी वर्ण येतो.

११/ १९३७मध्ये पुन्हा पॅरिस. जँगो राइनहार्ट गिटारवर, स्तेफान ग्रापेली आणि साउथ व्हायोलिनवर. या तिघांनी बाखच्या दोन व्हायोलिनांच्या डी मायनर कॉन्चेर्टोचा पहिला भाग जॅझच्या लयीत ध्वनिमुद्रित केला.

१२/ ती ध्वनिमुद्रिका ऐकताना एक गृहीतक कोसळते. जॅझकडे ‘वळलेला’ वादक अभिजात संगीत मागे टाकून येतो, असे मानले जाते. साउथ यांनी काहीच मागे टाकले नव्हते. ज्या विद्येला शिकागोत आसन मिळाले नाही, ती विद्या इथे पुरेपूर वाजते आहे.

१३/ हीच वाट भारतापर्यंत येते. वेदरफोर्ड १९२६मध्ये आशियाकडे निघाले. शांघाय, मग मुंबईचे ताजमहाल हॉटेल, शेवटी कोलकाता. १९४५मध्ये ते तिथेच वारले. १९३५मध्ये कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये आले. या मंडळींच्या सहवासात गोव्याचे वादक जॅझ शिकले आणि पुढे त्यांतील अनेक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले.

१४/ मुंबईचे हे भाग्यच. पण ज्या देशाने आपल्या वादकांना घरी पुरते स्थान दिले नाही, त्या देशाच्या अन्यायाला या भाग्याचे श्रेय द्यायचे काय?

१५/ वेनुटींचेही प्रारंभीचे शिक्षण अभिजात संगीताचेच. त्यांच्यापुढे दारे उघडी होती, तरी त्यांनी जॅझ निवडले. त्यांच्याबाबत कोणी बंद दारांचे आभार मानत नाही. श्रेय त्यांच्या आवडीला आणि प्रतिभेला मिळते. साउथ यांना तेवढाच मान का नसावा? तेही जॅझवर प्रेम करू शकत होते. निवड करण्याची मोकळीक तेवढी त्यांना नव्हती.

१६/ शिवाय इतिहासात दिसतात ते टिकून राहिलेले. ज्या भिंतीला वळसा घालून एक साउथ पॅरिसला पोहोचले, त्याच भिंतीपाशी कित्येकांनी व्हायोलिन पेटीत ठेवून दुसरी नोकरी धरली असेल. त्यांच्या ध्वनिमुद्रिका नाहीत. भिंतीचा ‘लाभ’ मोजताना तो तोटा कोणत्याच रकान्यात येत नाही.

१७/ म्हणून कलावंतावरील ‘प्रभावां’ची यादी वाचताना दोन प्रश्न विचारावेत : त्याला कोणी शिकवले, आणि त्याला कोणी घेतले नाही? पहिल्याचे उत्तर कलेचा इतिहास देतो, दुसऱ्याचे समाजाचा. दोन्ही उत्तरे लिहावीत. पण दुसऱ्याला पहिल्याचे श्रेय देऊ नये.

१८/ एडी साउथ १९६२मध्ये शिकागोत निवर्तले, वयाच्या ५७व्या वर्षी. १९३७चे ते बाख आजही ऐकायला मिळते. ऐकताना दोन व्हायोलिनांपैकी साउथ यांचे कोणते, हे ओळखण्याचा प्रयत्न जरूर करावा.