यादीबाहेरचे तारुण्य

पावसाळा तोंडावर आला की एक यादी हमखास फिरू लागते : तरुणपणीच घ्यायला हवेत असे अनुभव. एक रात्र राजगडावर काढा. तोरण्यावरून सूर्योदय पाहा. मढे घाटात वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा अंगावर घ्या. भाटघरचे पाणी ओसरले की वर येणाऱ्या कांबरेश्वराच्या देवळापुढे उभे राहा. वय निघून गेल्यावर हळहळाल, असा दमही शेवटी दिलेला असतो. आमचे विद्यार्थी ही यादी निष्ठेने पाळतात. तेवढी निष्ठा नेमलेल्या पुस्तकांच्या वाट्याला कधी आली नाही. पण ते असो.

आमचा आक्षेप भटकंतीला नाही. चाळिशी ओलांडलेल्या मास्तरांनी तरुणांच्या पायांचा मत्सर करू नये, एवढे भान आम्हांला आहे. आक्षेप यादीला आहे, आणि साहित्य शिकवणारे म्हणून तो घेणे आमचे काम आहे. माणसाच्या बाबतीत काही घडणे आणि त्याने काही अनुभवणे यांत फरक असतो, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. घडून गेल्यावर माणूस पूर्वीचा राहत नाही, तेव्हा कुठे त्याला अनुभव म्हणावे. यादी मात्र घडण्यालाच अनुभव म्हणते आणि खूण करून पुढच्या ओळीकडे वळते.

या फरकाची किंमत कोण मोजते, हे आम्हांला एका वर्गात कळले. पदवीच्या मुलांना आम्ही निबंध दिला होता : तरुणपणी घ्यावा असा एक अनुभव. बहुतेकांनी गड, समुद्र, दऱ्या लिहिल्या. वेल्ह्याच्या खोऱ्यातून एसटीने येणाऱ्या एका मुलीची वही कोरी होती. विचारले, तर म्हणाली, "सर, आमच्याकडं असलं काही नसतं."

"मग मागे आठवडाभर वर्गात नव्हतीस, ते कशासाठी?"

"ते घरचं काम होतं, सर. भाताची लावणी."

पहाटे तरवा उपटणे, त्याच्या मुठी बांधणे, चिखलणी झालेल्या खाचरात दिवसभर ओणवे राहून रोपे लावणे, आणि पाठीवर धो धो पाऊस. हे सारे करून आलेल्या मुलीला आपल्यापाशी ‘अनुभव’ नाही असे वाटले. ते तिला कोणी शिकवले? यादीने शिकवले, हे खरे. पण यादीच्या आधी आम्ही शिकवले. निबंधाचा विषय आमचाच होता.

यादीतली स्थळे जिथे आहेत, तिथल्या माणसांचे तारुण्य यादीत नाही, ही यातली खरी गोम आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भाटघरचे धरण झाले. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखात गेले, ऊस पिकला. भोरच्या वाट्याला फुगवटा आला. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण अशाच गावांची आहे. यादीतल्या तरुणाला पाण्यातून वर येणारे देऊळ हे नवल वाटते. ज्यांच्या पणज्यांची शेते त्या पाण्याखाली गेली, त्यांना ते गतवर्षीच्या आठवणीसारखे दरसाल भेटते. देऊळ एकच आहे; छायाचित्र मात्र पहिल्याचेच निघते.

याच मुलखात तारुण्याचे दुसरे रूपही सांगितले जाते. परंपरा म्हणते, १६४५ साली रायरेश्वरापुढे शपथ झाली. इतिहासकारांनी तिच्या तपशिलावर वाद घालावा. आम्ही फक्त शब्दाकडे पाहतो. शपथ म्हणजे बांधून घेणे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी त्या पठारावर काय केले, तर उरलेले आयुष्य गहाण टाकले, असे ती कथा सांगते. आज त्याच पठारावर जाऊन आपण मोकळे होऊन परततो. यादीतला अनुभव माणसाला मोकळा सोडतो, खरा अनुभव त्याला बांधून घेतो.

गो. नी. दांडेकरांचे उदाहरण घ्या. सातवीत शाळा सोडून ते स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले, गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा केली. वरवर पाहता हीसुद्धा यादीच. पण त्यांनी एकही ओळ खोडून टाकली नाही. राजगडावर ते पुनःपुन्हा गेले, आणि ‘वाघरू’ लिहिली तेव्हा तिथे गडावर राहणारी माणसे आली. एकदा जाऊन सूर्योदय दिसतो, माणसे दिसायला पुन्हा जावे लागते.

किंवा हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांचे पाहा. गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. तेवढ्यासाठी किती ओट्यांवर बसावे लागले असेल! आमच्या अभ्याससहलीला मात्र एक दुपार पुरते, आणि प्रकल्पाची वही भरते.

यावर कोणी म्हणेल, पोरांनी चार दिवस मजा केली तर बिघडले काय? नोकरी, कर्ज, संसार पुढे आहेतच, तेव्हा आत्ताच मोकळे राहू द्या. हा युक्तिवाद खोटा नाही. शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीतून गडावर आलेल्या मुलाला मोकळ्या वाऱ्याचा हक्क आहे. पण तारुण्याची मातब्बरी मोकळेपणात आहे, हे आम्हांला मान्य नाही. ओल्या मातीला आकार देता येतो म्हणून ती कामाची. नुसती ओली ठेवली तर तिचा चिखलच राहतो. चाळिशीतही गड चढता येतो, हे आम्ही धापा टाकत सिद्ध केले आहे. चाळिशीत बदलता येत नाही, हे अधिक दुःखाचे.

म्हणून यादीच हवी असेल, तर आमची एका ओळीची यादी घ्या. मावळात इर्जिक नावाची रीत होती : आज साऱ्यांनी माझ्या शेतावर, उद्या मी तुमच्या. ती आता विरळ झाली. एका आषाढात कोणाच्या तरी खाचरात दोन दिवस उतरा. पाहुणे म्हणून जाऊ नका. कॅमेरा घरी ठेवा. तरवा, चिखलणी, इरले हे शब्द कानांनी घ्या, पाठीने समजून घ्या. आणि मुख्य म्हणजे, पुढच्या आषाढात परत जा, कारण इर्जिकीत तुम्ही देणे लागता.

मराठीच्या अध्यापकांनीही एवढे करावे : तो निबंध पुन्हा द्यावा, पण विषय बदलून. ‘घरचे काम’ असा. आम्ही तो दिला. त्या मुलीची तुकडी तोवर पदवी घेऊन गेली होती. तिची कोरी वही तपासून आम्ही शून्य गुण दिले होते. ते कोणाला दिले, याचा उलगडा आम्हांला फार उशिरा झाला.