रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

विद्यार्थी मित्रांनो, पर्जन्यमापक उघडून पाहिला, आत थेंबही नाही, म्हणून तुम्ही वहीत ० लिहिले. हे मोजमाप झाले. दुसऱ्या दिवशी पर्जन्यमापकापर्यंत कोणी गेलेच नाही, म्हणून वहीतील जागा कोरी राहिली. हे मोजमाप नव्हे. इतका सोपा फरक कोण विसरेल, असे तुम्हांला वाटेल. परंतु माहितीचा क्रम लावण्याची वेळ आली, की भलेभले तो विसरतात आणि संगणकालाही तो आपोआप कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्यातील सहा शाळांनी सकाळी साडेआठ वाजता मागील चोवीस तासांचा पाऊस मोजला. अ शाळेत १२ मिलिमीटर, ब मध्ये ०, ड मध्ये ९, ई मध्ये १०५ आणि फ मध्ये ३९. क शाळेजवळचा ओढा तुडुंब भरून वाहत असल्यामुळे तेथील पर्जन्यमापकापर्यंत कोणाला पोहोचताच आले नाही. तिची जागा कोरी.

ही माहिती संगणकात एक्सएमएल या पद्धतीने साठविता येते. १९९८ साली प्रमाणित झालेल्या या पद्धतीत माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी व नंतर त्याच्या नावाची खूण लिहितात. 'शाळा', 'पाऊस' अशी मराठी नावेही चालतात. मात्र पुढे क्रम लावायचा असेल, तर आकडे इंग्रजी अंकांत लिहावे लागतात. देवनागरी '९' हा येथे आकडा धरला जात नाही. अशा माहितीचा क्रम लावण्यासाठी व तिचे तक्ते बनविण्यासाठी १९९९ साली एक्सएसएलटी ही भाषा प्रमाणित झाली.

आता तिला सांगू, 'पावसाप्रमाणे चढता क्रम लाव.' आपण वेगळे काही सांगितले नाही, तर ती आकड्यांना शब्द समजते आणि शब्दकोशातल्याप्रमाणे पहिले अक्षर पाहते. क्रम येतो : कोरी जागा, ०, १०५, १२, ३९, ९. म्हणजे १०५ मिलिमीटर पाऊस ९ च्या आधी! ही चूक लगेच डोळ्यांत भरते. 'हे आकडे आहेत' असे बजावले, की क्रम सुधारतो : कोरी जागा, ०, ९, १२, ३९, १०५.

सुधारला खरा, पण यादीच्या अग्रभागी कोण आहे ते पाहा. सर्वांत कमी पावसाची शाळा म्हणून क! जिथे ओढ्याला पूर आला, तीच शाळा सर्वांत कोरडी ठरली. उतरता क्रम लावला, तर ती शेवटी जाईल. म्हणजे तरीही शून्याच्या खालीच.

यात संगणकाचा दोष नाही. ज्याला मूल्यच नाही, त्याला क्रमात कुठे बसवायचे, याचे उत्तर गणितात नाही. तो एक संकेत आहे. म्हणूनच माहिती साठविणाऱ्या निरनिराळ्या प्रणालींचे त्यावर एकमत नाही. चढत्या क्रमात मायएसक्यूएल कोरी जागा आधी ठेवते, तर पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल ती शेवटी ठेवतात. माहिती एकच, याद्या दोन. तेव्हा हा निर्णय यंत्रावर न सोडता आपणच घ्यावा, हे उत्तम. एक्सएसएलटीत उपाय अगदी साधा आहे. क्रम दोन पायऱ्यांनी लावायचा : आधी 'नोंद आहे की नाही' यावर आणि मग पावसाच्या आकड्यावर. क शाळा यादीच्या तळाशी जाते आणि तिच्यापुढे आपण स्पष्ट छापतो, 'नोंद नाही'.

काही जण म्हणतील, एवढी यातायात कशाला? कोऱ्या जागी शून्य घाला आणि मोकळे व्हा. ठीक, सरासरी काढून पाहू. पाच शाळांचा पाऊस १६५ मिलिमीटर, सरासरी ३३. क ला शून्य दिले, तर सरासरी २७.५. दिसायला हा आकडा किती सभ्य आहे! कोणालाही संशय येणार नाही. हवामानाच्या काही माहितीसाठ्यांत कोऱ्या जागी -९९९ असा अशक्य आकडा घालतात. तो वगळायला विसरलो, तर आपली सरासरी उणे १३९ येईल. उणे पाऊस कोणी पाहिला आहे? ही चूक ओरडून स्वतःला पकडून देते. शून्याची चूक मात्र गुपचूप बसते, म्हणून ती अधिक घातक.

याचा अर्थ कोरी जागा कधी भरूच नये, असा नाही. आजूबाजूच्या नोंदींवरून शास्त्रज्ञही अंदाज बांधतात. पण तो अंदाज आहे, हे ते लिहून ठेवतात. मेंडेलेव्हने १८६९ साली मूलद्रव्ये अणुभाराप्रमाणे मांडली, तेव्हा काही घरे प्रश्नचिन्ह घालून मोकळी ठेवली. तिथे हरवला होता तो आकडा नव्हे, मूलद्रव्यच. पण वृत्ती तीच. घरे घाईने बुजविली असती, तर तक्ता नीटनेटका दिसला असता आणि १८७५ मध्ये गॅलियम, १८७९ मध्ये स्कँडियम व १८८६ मध्ये जर्मेनियम सापडले, तेव्हा त्यांना जागाच उरली नसती.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणूनच एक विनंती आहे. प्रयोगवहीतील तक्ता पूर्ण भरलेला असला तरच पूर्ण गुण, हा हट्ट आपण सोडू या. त्या हट्टापायी विद्यार्थी न घेतलेली वाचने लिहायला शिकतात. लोलक मोजताना दोर तुटला, तर 'दोर तुटला, वाचन नाही' हे वाक्य गुण देण्याजोगे आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही तक्ता वहीत आखा किंवा संगणकावर. जे मोजले नाही ते मोजले नाही असेच लिहा, आणि शक्य तेथे कारणही लिहा. क शाळेपुढील 'ओढ्याला पूर, नोंद नाही' हे शब्द त्या दिवसाच्या पावसाबद्दल खोट्या शून्यापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातात.