पिकअपचं नाक वर कशाला?

मित्रहो, आधी एक खुलासा. माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे 'पाटे', 'हौदा' हे शब्द मला पुस्तकात नाही, गॅरेजमध्ये भेटले. सस्पेन्शनला शब्दकोशात 'निलंबन' सापडलं. पण आपल्या कॉलेजात निलंबन फक्त विद्यार्थ्यांचंच होतं! म्हणून या लेखात मी सस्पेन्शनच म्हणणार.

विषय आहे फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत या गाडीचा थाट काही वेगळाच. गाडी घरी आली की मालकाला पहिली गोष्ट खटकते ती तिचं नाक. "भाऊ, समोरून दबल्यासारखी दिसून राहिली, जरा उचलून दे ना!" गॅरेजवालाही दुपारभरात उचलून देतो. यालाच लेव्हलिंग म्हणतात. माझं मत सरळ आहे : माल वाहणाऱ्या गाडीचं नाक नुसत्या दिसण्यासाठी उचलू नये, कारण हौस मालकाची असते आणि त्रास समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांना होतो.

मुळात रिकाम्या पिकअपचं नाक खाली का असतं? हा कंपनीचा दोष नाही, तो हिशेब आहे. हौद्यात धानाची पोती पडली की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. डिझायनर गाडी भरलेली डोळ्यांपुढे ठेवतो, आपण ती शोरूममध्ये रिकामी बघतो. एवढाच काय तो फरक. लेव्हल केलेली गाडी रिकामी असताना रुबाबदार दिसते. माल भरला की तीच शेपटीवर बसते आणि आकाशाकडे बघते.

नाक उचलायचे दोन मार्ग प्रचलित आहेत. काही गाड्यांत पुढे टॉर्शन बार असतो, म्हणजे पिळून शक्ती साठवणारी सळई. तिचा बोल्ट आवळतात. कॉइल स्प्रिंग असेल तर स्ट्रटच्या डोक्यावर स्पेसर बसवतात. बोल्ट आवळला की सस्पेन्शन कडक होतं असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. सळईचा कडकपणा तिची जाडी, लांबी आणि धातू यांवर ठरतो (जाडीच्या तर चौथ्या घातावर, एसओएमचा पेपर आठवा!). बोल्टने फक्त उभं राहण्याची उंची बदलते. आणि ही उंची फुकट मिळत नाही. चाकाला खाली लोंबायला जी जागा होती, ती तेवढीच कमी होते. मग खड्ड्यात चाक उतरलं की खालून 'ठक्' असा आवाज येतो. ड्राइव्ह शाफ्टचे सांधे जास्त कोनात फिरतात, कॅम्बर आणि टो बदलतात. अलाइनमेंट न करता गाडी बाहेर काढली तर टायर एका कडेने झिजतो. पण हे नुकसान मालकाचं, तो बघून घेईल.

खरा मुद्दा दिव्यांचा आहे. लो बीम साधारण १ टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. आता पिकअपचा व्हीलबेस ३ मीटर धरा आणि नाक ५ सेंटिमीटर उचला. ५ भागिले ३००, म्हणजे १.६७ टक्के. खाली बघणारा दिवा आता ०.६७ टक्के वर बघू लागला. त्यात माल भरून मागची बाजू ५ सेंटिमीटर दबली की आणखी १.६७. एकूण २.३३ टक्के वर! दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर ५० मीटरवर प्रकाशाची वरची कड दोन मीटरच्या पुढे जाते. समोरच्या सायकलवाल्याचा चेहरा पूर्ण उजेडात. ड्रायव्हर मात्र शपथेवर सांगेल, "मी डिपरच मारला होता!" तो खोटं बोलत नाही, हेच तर वाईट आहे.

काही गाड्यांत डॅशबोर्डवर दिवे खालीवर करायची छोटी चकती असते. ती मालाच्या वजनासाठी दिलेली सोय आहे. नाक उचललं की ती रिकाम्या गाडीतच खर्च होते, मालाच्या वेळी हातात काही उरत नाही.

आता हे आपल्याच भागात जास्त का बोचतं ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटे अंधारातच घर सोडतात. कुणी पायी, कुणी बिनदिव्याच्या सायकलवर. चंद्रपूर-मूल रस्ता लोहाऱ्याच्या जंगलातून जातो. तिथे प्रखर उजेडात चितळ जागच्या जागी थिजतं. दिपलेल्या माणसाला ना खड्डा दिसतो, ना रस्त्याच्या कडेचं जनावर.

भामरागडकडचा मित्र म्हणेल, "तुम्ही डांबरी रस्त्यावरचे लोक! आमच्याकडे नाला ओलांडायचा असतो." मान्य आहे. नाक उचललं तर चढावाला बंपर घासत नाही, हा फायदा खराच. पण मागच्या अॅक्सलचा डिफरन्शियल होता तिथेच राहतो. दगडावर अडकायचा तो अडकतोच. पर्लकोटेच्या पुरापुढे तर पाच सेंटिमीटरची काय कथा! आणि पुढची स्प्रिंग जुनी होऊन खचली असेल तर नवी मूळ स्प्रिंग टाकावी. तो इलाज आहे, स्पेसर हे ठिगळ आहे.

कायद्याचंही ऐका. मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारे बदल गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर निकाल देताना स्पष्ट केलं. पण मला वाटतं, दंडाच्या भीतीपेक्षा हिशेब कळणं जास्त उपयोगाचं.

आणि हिशेब तर आपलं कामच आहे! बाहा स्पर्धेच्या बग्गीसाठी आपण रात्र-रात्र जागून कॅम्बर मोजतो. मग एक रविवार या कामाला देऊ या. वर्कशॉपची भिंत, दहा मीटरवर चुन्याची रेघ, एक टेप. भिंतीवर दिव्याच्या उंचीची खूण करायची. लो बीमची कड तिच्या दहा सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. जास्त वर असेल तर हेडलाइटच्या मागचा स्क्रू फिरवायचा, दोन मिनिटांचं काम. माल भरून पुन्हा बघायचं. सुरुवात मेसला भाजी आणणाऱ्या पिकअपपासून करू. सरांनी वर्कशॉपची किल्ली द्यावी, टेप आम्ही आणतो.