एकाच साच्यातली गाणी

३ जुलै २००१ रोजी बंगळुरूत ‘रेडिओ सिटी’ सुरू झाले आणि देशात खासगी एफएम प्रसारणाला प्रारंभ झाला. पुढच्याच वर्षी मुंबईतही अशी केंद्रे आली. पहिल्या टप्प्यातले ठरावीक परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत असे; २००५च्या धोरणाने ते उत्पन्नाच्या ४ टक्क्यांशी जोडले. स्वतःच्या बातम्या देण्यास मात्र मनाई राहिली. साहजिकच जाहिरातींवर चालणारी बहुतेक केंद्रे हमखास श्रोते मिळवून देणारी चित्रपटगीतेच आलटूनपालटून वाजवू लागली. त्याने व्यवसाय तगतो, पण केंद्रे एकमेकांसारखी होतात. परवाना शहरापुरता असतो; गाण्यांतही ते शहर ऐकू यायला हवे. म्हणून महाराष्ट्रातील केंद्रांनी भावगीत, लोकसंगीत आणि नव्या मराठी गायकांना रोज हक्काची वेळ द्यायलाच हवी.