इतिहास घेऊन काय करणार?

भाचीचा फोन आला. जयसिंगपूर, बारावी सायन्स. "मामू, सीयूईटीला इतिहास घेऊ का? कॉलेजात तो विषय नाही, घरीच वाचावा लागेल." मागून तिच्या अब्बांचा आवाज आला, "हिस्टरी घेऊन काय करणार?" मी इंजिनिअर, त्यामुळे नकार माझ्या तोंडून यावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती. मी म्हणालो, घे.

आपल्या घरांत क्रम ठरलेला आहे. मार्क पडले तर सायन्स, कमी पडले तर कॉमर्स आणि काहीच जमलं नाही तर इतिहास. मीही त्याच रांगेतून गेलो. पुढे ऑफिसात जेवताना औरंगजेबाचा विषय निघाला की मी डब्यात मान घालून बसायचो. राग यायचा, उत्तर यायचं नाही.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात मोबाइलच्या स्टेटसवरून काय झालं ते आपण पाहिलं. दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. दगड मारणाऱ्यांची बाजू कुणी घेऊ नये. पण आपणही स्वतःला विचारूया: ज्या बादशहावरून आपण भांडतो, त्याच्यावर एक तरी धड पुस्तक वाचलंय का? एनसीईआरटीने २०२२ मध्ये बारावीच्या पुस्तकातून मुघल दरबाराचं प्रकरण काढलं. ते चूकच होतं, आपण ओरडलोही. पण ते प्रकरण छापलेलं होतं तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी उघडलं होतं?

म्हणून घरी वाचा, पण परीक्षा म्हणून वाचा. नुसतं "वाचू कधीतरी" म्हटलं की फॉरवर्डच वाचले जातात. बारावीचा हा अभ्यासक्रम फक्त राजांची यादी नाही. त्यात हडप्पाच्या विटा आहेत, अल बिरुनी, इब्न बतूता आणि बर्निए यांच्या नजरेतून दिसलेला हिंदुस्थान आहे, भक्ती-सूफी परंपरा आहे, संविधान सभेतल्या चर्चा आहेत. कुणी लिहिलं, कुणासाठी लिहिलं, हे विचारायची सवय त्यातून लागते. आम्ही प्रोग्राम बिघडला की आधी लॉग बघतो, मग कुणाला दोष देतो. इतिहासातही आधी कागद, मग वाद.

आता व्यवहाराचं. २०२५ पासून सीयूईटीला बारावीला नसलेला विषयही घेता येतो. ६० मिनिटांत ५० प्रश्न असतात, बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ वजा. पेपर मराठीतही देता येतो. एनसीईआरटीची पुस्तकं इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत इंटरनेटवर फुकट आहेत, क्लासची फी लागत नाही. मात्र प्रत्येक विद्यापीठाचा नियम वेगळा असतो. दिल्ली विद्यापीठ बारावीत शिकलेल्याच विषयांचे गुण धरतं. तेव्हा फॉर्म भरण्याआधी हव्या त्या विद्यापीठाचं माहितीपत्रक स्वतः वाचा, मित्राच्या मित्राचं ऐकू नका. आणि नीट किंवा जेईई मनापासून देत असाल तर शेवटच्या दोन महिन्यांत हे ओझं घेऊ नका. अकरावीच्या सुट्टीत सुरुवात करा.

पोट भरेल का? वकिली, पत्रकारिता, शिक्षकी, यूपीएससी, सगळीकडे इतिहास लागतो. आणि नुसत्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीनं पोट भरतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्या गल्लीतले रिकामे बसलेले इंजिनिअर मोजावेत.

आपलं गाव शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलं. त्यांनीच १९०६ मध्ये कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, आपली मुलं शिकावीत म्हणून. तेव्हा राहायला खोली नव्हती, आज खिशात अख्खी लायब्ररी आहे. तरीही आपला इतिहास दुसऱ्यांनी सांगावा आणि आपण फक्त चिडावं, हे किती दिवस चालणार?

भाचीने पहिला भाग डाउनलोड केलाय. तुम्ही कधी करताय?