न वाचता केलेल्या सह्या

महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांमध्ये अब्राहम लिंकनचे एक पत्र चौकटीत घालून भिंतीवर लावलेले असते. आपल्या मुलाला काय काय शिकवावे, हे त्यात एका बापाने हेडमास्तरांना सांगितले आहे. वसंत बापट यांनी त्याला दिलेले मराठी रूप इतके देखणे आहे, की ते पत्र आता आपलेच होऊन बसले आहे. अडचण एवढीच, की ते लिंकनने लिहिल्याचा पुरावा नाही. त्याच्या लेखनाचे आठ खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ते सापडत नाही. खुद्द लिंकन तर साऱ्या आयुष्यात मिळून वर्षभरही शाळेत गेला नव्हता.

पत्र भिंतीवरून उतरवा, असे मी म्हणणार नाही. मजकूर चांगला आहे, मुलांनी जरूर वाचावा. माझी तक्रार निराळी आहे. या पत्राने आपल्या मनात लिंकनची जी मूर्ती बसवली, ती एका सत्पुरुषाची आहे. आणि त्या मूर्तीआड चार वर्षे राज्य चालवणारा, मंत्र्यांचे रुसवेफुगवे सांभाळणारा, कायदा वाकवणारा आणि तरीही एका ठिकाणी न वाकणारा राज्यकर्ता झाकला गेला आहे. मला त्या राज्यकर्त्याविषयी लिहायचे आहे.

४ मार्च १८६१ रोजी त्याने शपथ घेतली, तेव्हा दक्षिणेतली सात राज्ये संघराज्यातून फुटून निघाली होती. सव्वा महिन्यात तोफा धडाडल्या. वॉशिंग्टनकडे येणारे रेल्वेमार्ग मेरीलँडमध्ये रोखले जात होते, पूल जाळले जात होते. लिंकनने २७ एप्रिलला लष्कराला अधिकार दिला, की या मार्गावर संशयितांना पकडा आणि हेबिअस कॉर्पस, म्हणजे पकडलेल्या माणसाला न्यायालयापुढे उभे करण्याचा हक्क, गरज पडल्यास स्थगित ठेवा. सरन्यायाधीश टॅनी याने बजावले, की हा अधिकार अध्यक्षाचा नव्हे, काँग्रेसचा. लिंकनने तो निकाल मानला नाही. काँग्रेसने रीतसर कायदा केला तो थेट मार्च १८६३ मध्ये. तोवर आणि त्यानंतरही हजारो माणसे लष्कराच्या कोठडीत पडली. मे १८६४ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वृत्तपत्रांनी अध्यक्षाच्या नावाचे एक बनावट फर्मान छापले, तर त्याने त्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्याच काही दिवस ताब्यात घेतल्या.

हा टॅनी म्हणजे तोच, ज्याने १८५७ मध्ये कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल दिला होता. त्याच्याविषयी आदर वाटण्याचे कारण नाही. पण हेबिअस कॉर्पसच्या प्रश्नावर माझ्या मते कायदा त्याच्या बाजूला होता, लिंकनच्या नव्हे.

गुलामांच्या मुक्तीचेही तसेच. १ जानेवारी १८६३ ची घोषणा बंडखोर प्रदेशापुरतीच होती. केंटकी, मेरीलँड यांसारखी गुलाम बाळगणारी पण संघराज्यात राहिलेली राज्ये तिच्यातून वगळली होती, कारण ती दुखावली तर युद्ध हातचे जाईल ही धास्ती होती. गुलामगिरी सर्वत्र बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये लागू झाली, तेव्हा लिंकन हयात नव्हता. तरी या लढ्याचे मोल इकडे पुण्यात एका माणसाने नेमके ओळखले. जोतीराव फुले यांनी १८७३ मधला आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना.

आता १८६४ चा उन्हाळा पाहा. जनरल ग्रँटने मेच्या आरंभी व्हर्जिनियात चढाई केली आणि सहा-सात आठवड्यांत त्याची पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता झाली. रिचमंड काही पडेना. अटलांटाही पडेना. जुलैत लिंकनने आणखी पाच लाख सैनिक मागितले. घरोघरी सुतक, आणि नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक! लिंकनच्याच पक्षाच्या राष्ट्रीय समितीचा अध्यक्ष हेन्री रेमंड याने २२ ऑगस्टला त्याला कळवले, की वारे पूर्ण उलटे आहे. दक्षिणेकडे तहाची बोलणी करायला माणसे पाठवा.

निवडणूक पुढे ढकलावी, असे सुचवणारेही होते. जिवावर बेतलेल्या युद्धात असे करणे जगावेगळे नव्हते. ब्रिटनने १९३५ नंतरची सार्वत्रिक निवडणूक थेट १९४५ मध्ये घेतली, आणि आपल्याकडे तर १९७६ मध्ये युद्ध नसतानाही लोकसभेची मुदत वाढवण्यात आली. हेबिअस कॉर्पस बाजूला सारणाऱ्या लिंकनला मुदत वाढवण्याचा मोह झाला असता, तर नवल नव्हते.

त्याने काय केले? २३ ऑगस्टला मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याने एक घडी घातलेला कागद पुढे केला आणि मंत्र्यांना सांगितले, की आत काय आहे ते न वाचता पाठीमागे सह्या करा. सगळ्यांनी केल्या. आतला मजकूर जेमतेम काही ओळींचा होता. हे सरकार पुन्हा निवडून येण्याचा संभव फार कमी दिसतो. तसे झाले तर निवडणूक आणि नव्या अध्यक्षाचा शपथविधी यांमधल्या काळात त्याच्याशी सहकार्य करून संघराज्य वाचवणे हे माझे कर्तव्य ठरेल, कारण ज्या भूमिकेवर तो निवडून येईल त्या भूमिकेमुळे त्याला ते नंतर वाचवता येणार नाही, असा त्याचा आशय.

हा कागद मला त्याच्या गाजलेल्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो. हरण्याची खात्री झालेला सत्ताधारी हातातली सत्ता कशी सोडायची, याचा बेत आखतो आहे आणि स्वतःला त्यात बांधून घेतो आहे. प्रतिस्पर्धी कोण असणार, हेही दिसत होते: जनरल मॅक्लेलन, ज्याला लिंकननेच १८६२ मध्ये सेनापतिपदावरून दूर केले होते. त्याच माणसाच्या हाती देश सोपवायची ही तयारी होती.

पुढे २ सप्टेंबरला अटलांटा पडले आणि वारे फिरले. छावण्यांतल्या सैनिकांनीही मते दिली, तीही बहुतांशी सेनापतीला नव्हे, लिंकनला. ८ नोव्हेंबरला त्याला २१२ निर्वाचक मते मिळाली, मॅक्लेलनला २१. दोन दिवसांनी अभिनंदनाला जमलेल्या लोकांपुढे लिंकन बोलला, ते असे: निवडणुकीवाचून स्वतंत्र राज्य चालत नाही, आणि बंडाने आपल्याला निवडणूक टाळायला लावली असती, तर बंडाने आपल्याला आधीच जिंकले असे म्हणावे लागले असते.

११ तारखेच्या बैठकीत तो कागद उघडला गेला. त्याचा सचिव जॉन हे याने तो प्रसंग रोजनिशीत टिपून ठेवला आहे. मॅक्लेलन जिंकला असता तर मी त्याला म्हणालो असतो, लोक तुमच्या पाठीशी आहेत, तुम्ही सैन्य उभारा, मी सरकार चालवतो, दोघे मिळून युद्ध संपवू, असे लिंकनने सांगितले. परराष्ट्रमंत्री सीवर्ड मिस्कीलपणे म्हणाला, की तो ‘हो, हो’ म्हणाला असता आणि काहीच केले नसते. निदान माझे कर्तव्य तरी मी केले असते, असे लिंकनचे उत्तर होते.

हा सीवर्ड १८६० मध्ये पक्षाच्या उमेदवारीसाठी लिंकनचा प्रतिस्पर्धी होता. चेसही होता. अर्थमंत्री म्हणून चेस मंत्रिमंडळात बसूनच १८६४ च्या उमेदवारीसाठी जुळवाजुळव करत होता आणि अधूनमधून राजीनामा पुढे करत होता. जून १८६४ मध्ये लिंकनने तो अखेर स्वीकारून टाकला. टॅनी ऑक्टोबरात वारला, तेव्हा रिकाम्या झालेल्या सरन्यायाधीशपदावर त्याने याच चेसला नेमले. माणूस त्रासदायक असला तरी गुलामगिरीच्या प्रश्नावर पक्का होता. ४ मार्च १८६५ रोजी लिंकनला दुसऱ्या खेपेची शपथ दिली ती चेसनेच. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत लिंकनचा खून झाला.